कोलिस्टिन : पेशीपटल भेदणारे राखीव औषध

दिल्लीतील द्वारका असो वा एखादे तालुक्याचे गाव, प्रतिजैविकांच्या गोळ्या घेणे हा आता नित्याचा व्यवहार झाला आहे. प्रत्येक प्रतिजैविक जिवाणूच्या निराळ्या भागावर घाव घालते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ पासून तयार होऊ लागलेले पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेची बांधणी रोखते. अतिदक्षता विभागात बहुधा शिरेवाटे दिले जाणारे कोलिस्टिन मात्र थेट पेशीपटलालाच भिडते.

ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्यपटलावर ऋण विद्युतप्रभार असतो; कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन त्याला सांधून ठेवतात. धनप्रभारित कोलिस्टिन या आयनांना हुसकावून त्यांची जागा घेते. मग त्याची मेदयुक्त शेपटी पटलात शिरते, पटल फाटते आणि पेशीतील द्रव्य बाहेर झिरपून जिवाणू मरतो. हे औषध मूत्रपिंडांनाही इजा करते. त्यामुळेच १९७० च्या दशकात ते मागे पडले.

त्याला पुन्हा बोलावले ते नाइलाजाने. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या जिवाणूंत आढळलेल्या विकराला २००९ मध्ये ‘एनडीएम-१’ हे नाव मिळाले. (नावात राजधानी गोवली गेल्याने वादही बराच झाला.) हे विकर कार्बापेनेमसारखी प्रबळ औषधे निकामी करते. पेशीपटलावर काम करणाऱ्या कोलिस्टिनवर त्याची मात्रा चालत नाही.

परंतु २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी ‘एमसीआर-१’ या जनुकाची नोंद केली. या जनुकामुळे पटलावरील ऋणप्रभार घटतो व कोलिस्टिनला पकड मिळत नाही. हे जनुक प्लास्मिडवर असल्याने एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. पशुपालनातील कोलिस्टिनचा सर्रास वापर हे त्याच्या प्रसाराचे प्रमुख कारण मानले जाते.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. पक्ष्यांची वाढ जलद व्हावी म्हणून खाद्यात स्वस्त औषध मिसळणाऱ्याला लाभ तत्काळ मिळतो. औषध निष्प्रभ होण्याची किंमत मात्र कोठल्या तरी अनोळखी रुग्णाला मोजावी लागते. ही किंमत बाजारभावात उमटत नाही. म्हणून केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांकरिता व मत्स्यशेतीकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांस मनाई केली. कंत्राटी कुक्कुटपालनात पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीच पुरवते. शेतकऱ्याला मिळतो तो संगोपनाचा मोबदला. तेव्हा तपासणीचा रोख शेतकऱ्याच्या शेडआधी खाद्याच्या गिरणीकडे असणे अधिक न्याय्य ठरेल.