विश्लेषण : स्थापत्य अभियांत्रिकीचा अंतिम वर्षाचा प्रबंध पूररेषेवर का लिहावा?

सांगलीत पावसाळा लागला की एकच प्रश्न विचारला जातो, ‘आयर्विनला किती फूट?’ 1929 मध्ये खुल्या झालेल्या या पुलाजवळची पाणीपातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर गेली की धोका, हे शहरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ऑगस्ट 2019 मध्ये हीच पातळी साडेसत्तावन्न फुटांच्या घरात पोहोचली. याच शहरात आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यात दरवर्षी शेकडो विद्यार्थी स्थापत्य अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला असतात आणि प्रत्येकाला एक प्रबंध सादर करावा लागतो. विषय दाराशी असूनही अनेक प्रबंध तयार मजकुरावर भागवले जातात. चांगला प्रबंध कसा उभा राहतो आणि त्याचा शहराला काय उपयोग, याचा हा आढावा.

अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणजे नेमके काय?

चार वर्षांच्या बी.टेक. अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांचे छोटे गट करून त्यांना मार्गदर्शक प्राध्यापक दिले जातात. विषय निवडणे, आधीचे संशोधन वाचणे, प्रत्यक्ष मोजणी किंवा प्रयोग, विश्लेषण आणि अहवाल असा हा क्रम असतो. शेवटी तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, होते. पुण्याच्या सीओईपीसारख्या संस्थेत नियोजनाची स्वतंत्र पदवी आहे. इतर बहुतेक ठिकाणी मात्र नगररचना हा स्थापत्य अभियांत्रिकीतलाच एक विषय असतो. त्यामुळे शहराच्या वाढीचा प्रश्न हाती घेण्याची पहिली संधी अनेकांना या प्रकल्पातच मिळते.

सातारा-सांगलीत विषयांची वानवा आहे का?

अजिबात नाही. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 पासून, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून सुरू आहे. कराडच्या वरच्या अंगाला 105.25 टीएमसी क्षमतेचे कोयना धरण आहे. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने तिथे दगडमातीच्या घरांची दैना उडवली होती. पाटण तालुक्यात जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चढत चालले आहे. कास तलावाचे पाणी, पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर, हद्दवाढीत आलेल्या उपनगरांची गटारे हे सगळे अभ्यासाचे विषय आहेत. सांगलीत काळ्या मातीवरच्या पायांना पडणारे तडे आहेत, शामरावनगरसारख्या सखल भागात साचणारे पाणी आहे आणि सर्वांत मोठा विषय म्हणजे पूर.

निळी आणि लाल रेषा काय सांगते?

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे उद्यान, मोकळी जागा, वाहनतळ अशा वापरापलीकडे बांधकाम करता येत नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार तिथे लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. म्हणजे नकाशावरची रेषा थोडी इकडे-तिकडे झाली, की एखाद्याच्या गुंठ्याचा भाव आणि एखाद्या कुटुंबाची सुरक्षितता बदलते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ काय?

इथेच सर्वाधिक गैरसमज आहे. 2019 ला महापूर आला, म्हणजे आता शंभर वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ नाही. अशा पुराची शक्यता दरवर्षी 1 टक्का असते. घराचे आयुष्य 50 वर्षे धरले, तर त्या काळात हा पूर एकदा तरी पाहावा लागण्याची शक्यता सुमारे 39 टक्के येते. निळ्या रेषेच्या पुरासाठी हेच गणित सुमारे 87 टक्क्यांवर जाते. सांगलीत 2005, 2019 आणि 2021 अशा तिन्ही वर्षी पातळी 50 फुटांच्या वर गेली. त्यामुळे जुन्या नोंदींवरून काढलेली वारंवारता आजही लागू आहे का, हा प्रश्नच एका प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

विद्यार्थ्यांचे गणित कुठे चुकते?

एचईसी-आरएएस हे पुराचे गणित मांडणारे सॉफ्टवेअर आणि क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत मिळतात. उपग्रहावरून तयार केलेले जमिनीच्या उंचीचे नकाशेही मोफत आहेत. त्यामुळे रंगीत पूरनकाशा चार दिवसांत तयार होतो आणि फसगतही तिथेच होते. मोफत नकाशाची एक चौकट साधारण 30 मीटर बाय 30 मीटरची, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांची. तेवढ्या जागेत गावठाणात दहा घरे मावतात आणि नकाशा त्या सर्वांना एकच उंची देतो. शिवाय त्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते. नियम 0.45 मीटरचा आणि चूक त्याच्या कितीतरी पट, असा हा व्यस्त हिशेब आहे.

दुसरी चूक फुटांची. आयर्विनचे 45 फूट हे तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे. ते समुद्रसपाटीशी जोडल्याशिवाय दत्तनगर किंवा काकानगरमधल्या उंबऱ्याशी त्यांची तुलना करता येत नाही. त्यासाठी ठाऊक उंचीच्या खुणेपासून लेव्हल मशीन घेऊन गल्लोगल्ली फिरावे लागते.

मग प्रबंध कसा लिहावा?

आधी प्रश्न लहान करावा. ‘सांगलीचा पूर’ हा विषय आठ महिन्यांत आवरत नाही. कोयनेचा विसर्ग, वारणेचा हरिपूरजवळचा संगम, पंचगंगा, सपाट पात्र आणि थेट अलमट्टीचा फुगवटा अशा अनेक बाबींवर तज्ज्ञ समित्यांनीही काथ्याकूट केला आहे. त्याऐवजी ‘आयर्विनला 45 फूट असताना या प्रभागातल्या कोणत्या गल्लीत किती पाणी येते’ हा प्रश्न घेता येतो. घराघरांच्या भिंतींवर 2005, 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा असतात. वयस्कर रहिवासी त्या बोटाने दाखवतात. त्या मोजायच्या, गणिताने आलेल्या पातळीशी ताडायच्या आणि फरक किती आला ते प्रामाणिकपणे लिहायचे. मोजणीच्या वहीची छायाप्रत परिशिष्टात जोडली, तर पुढच्या बॅचला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मर्यादांचे प्रकरण विद्यार्थी सहसा अर्ध्या पानात उरकतात. पूररेषेच्या प्रबंधात मात्र तेच प्रकरण सर्वांत मोलाचे ठरते. नकाशातली चूक किती, कोणत्या गल्लीत मोजणी झाली नाही, कोणता आकडा गृहीत धरला, हे लिहिलेले नसेल तर पुढच्या वाचकाने त्या रेषेवर विश्वास ठेवू नये.

तयार प्रकल्पांचे काय?

मोठ्या शहरांत पैसे मोजून छापील प्रकल्प मिळतात, हे उघड गुपित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवल्या. 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला शिक्षा नाही, त्यापुढे ती वाढत जाते. पण शब्द बदलणारी साधने हाताशी असताना टक्केवारी तपासून फारसे हाती लागत नाही. व्हायवात ‘तुमची मोजणीची वही दाखवा’ एवढी एक मागणी त्याहून जास्त काम करते.

शहराला यातून काय मिळेल?

सध्या बहुतेक प्रबंध काळ्या पुठ्ठ्यात बांधून ग्रंथालयाच्या कपाटात जातात. महापालिकेकडे गल्लीनिहाय उंचीची नोंद वाढवायची, तर तेच काम निविदा काढून करावे लागते. दरवर्षी दोन-तीन गटांनी एकेका प्रभागातल्या पूरखुणा मोजल्या आणि त्या पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे दिल्या, तर काही वर्षांत पूरप्रवण भागाची यादी तयार होईल. ती अधिकृत पूररेषेची जागा घेणार नाही. पण ‘आयर्विनला 42 फूट’ अशी बातमी आली, की सूर्यवंशी प्लॉटमधल्या कोणत्या घराने रात्रीच सामान माळ्यावर चढवायचे, हे त्या यादीवरून सांगता येईल. भिंतीवरच्या खुणा रंगकामात पुसल्या जातात आणि दाखवणारी माणसेही थकत चालली आहेत. ही मोजणी व्हायची, तर ती पुढच्या काही बॅचमध्येच व्हायला हवी.