जन्माची नोंद कशी वाचावी?



घराण्याचा इतिहास कसा शोधावा यावर बोला, असे चालकांनी सांगितले तेव्हा आम्ही जरा बिचकलो. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आमचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि तहसील कचेरीच्या ओट्यावर. पण कुणाचे वय सिद्ध करायचे, कुणा मयताचा वारस ठरवायचा, यापायी जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या चाळण्यात आमची बरीच वर्षे गेली. त्या वह्या कोठे चकवतात आणि कोठे खरे बोलतात, एवढेच आज सांगावयाचे आहे.

एका प्रसंगापासून आरंभ करू. आमच्या संघटनेतले एक जुने सभासद, कोयनेच्या बाजूचे. कारखान्याच्या दप्तरी त्यांची जन्मतारीख १ जून १९६६. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी, मे २०२४ अखेर, निवृत्ती. आई मात्र सांगे, "भूकंप झाला तेव्हा हा दोन महिन्यांचा होता." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. मग जन्म ऑक्टोबर १९६७ मधला, आणि नोकरी सोळा महिने शिल्लक! सोळा महिन्यांचा पगार म्हणजे मुलीचे लग्न होते.

आम्ही कोतवाल बुकाचा उतारा काढला. त्यात वडिलांच्या नावापुढे जानेवारी १९६६ मध्ये 'मुलगा' अशी नोंद! व्यवस्थापनाला तेच हवे होते. "हे तर पाच महिन्यांनी अधिकच मोठे निघाले," म्हणाले. आम्ही पाने पुढे चाळली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मृत्यूच्या नोंदीत आमच्या या सभासदाचेच नाव, बापाचे नाव, वय दहा महिने. जिता माणूस शेजारी बसून स्वतःचा मृत्यू वाचत होता.

हे कोडे सोडवायचे तर ही वही कशासाठी लिहिली जात होती, ते आधी समजले पाहिजे. देवी, पटकी, प्लेग यांनी किती माणसे गेली, किती जन्मली, याचा आकडा सरकारला हवा होता. माणसाला ओळख द्यावी हा तिचा हेतू नव्हता. आपण मात्र आज तिच्याकडे ओळख मागतो. सारा घोटाळा येथून सुरू होतो.

पहिली गोष्ट नावाची. जन्माची वर्दी दोनचार दिवसांत जाई. बारसे बाराव्या दिवशी. तेव्हा वहीत 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि पुढे बापाचे नाव, जात, गाव. बारशानंतर नाव भरायला पुन्हा कोण जाणार? म्हणून अशी एक नोंद सापडली की ती आपलीच, असे धरून चालू नये. त्या आईबापांची झाली तेवढी मुले, जगलेली आणि गेलेली, सर्वांची यादी करावी आणि मग एकेक नोंद जुळवावी.

दुसरी गोष्ट गावाची. बाळंतपण बहुधा माहेरी. म्हणून बापाच्या गावी नोंद नसली तर आजोळची वही पाहावी. 'नोंद नाही' याचा अर्थ 'जन्म नाही' असा नव्हे.

तिसरी गोष्ट अवघड. आजोबांचे नाव ठेवलेले मूल गेले, तर पाठच्या मुलाला तेच नाव देत. म्हणून जन्माच्या वहीबरोबर मृत्यूची वहीही पाहिलीच पाहिजे.

चौथी गोष्ट तारखेची. आपल्याकडे एक जूनला जन्मलेली माणसे इतकी का? शाळा जूनमध्ये भरे. मास्तर मुलाकडे पाहून सहा वर्षे मागे मोजत आणि तारीख घालत. आमचे सभासद १९७२ च्या दुष्काळात थोरल्या बहिणीचे बोट धरून शाळेत गेले. वय पाच भरले नव्हते. १९७२ मधून सहा गेले, उरले १९६६! जुन्या कागदांत सनांचीही गफलत होते. शके असेल तर साधारण ७८ मिळवावेत. मराठवाड्यातील निजामी दप्तराचा फसली सन असेल तर साधारण ५९०. फार जुनी नोंद मोडीत असते. ती जाणकाराकडूनच वाचून घ्यावी.

पाचवी गोष्ट, आईच्या आठवणीला हसू नये. तिला तारीख येत नसेल, पण पानशेत फुटले, भूकंप झाला, दुष्काळ पडला, हे ती विसरत नाही. या घटनांच्या तारखा पक्क्या आहेत.

आम्ही आजोळच्या गावची वही काढली. ऑक्टोबर १९६७, 'मुलगा', बापाचे नाव तेच. कोडे सुटले. आईला विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पहिला गेला. सासऱ्यांचं नाव होतं, ते परत ठेवलं." अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आपल्याला एक भाऊ होता, हे त्या दिवशी कळले.

दावा मात्र आम्ही हरलो. नोकरीच्या अखेरीस जन्मतारीख बदलून मागणाऱ्याला न्यायालये सहसा दाद देत नाहीत, आणि त्यात तथ्यही आहे. दोष आमचाही होता. वीस वर्षांपूर्वी त्यांनी हे आमच्या कानावर घातले होते. "पुढे बघू," असे आम्हीच म्हणालो होतो.

म्हणून शेवटी एकच विनंती. १९६९ च्या कायद्याने जन्म एकवीस दिवसांत कळवायचा असतो. नाव ठरले नसेल तर ते मागाहून भरता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांना शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत हा दाखलाच जन्माचा पुरावा आहे. तेव्हा घरी गेल्यावर नातवंडांचे दाखले उघडा. नावाची जागा रिकामी आहे का, पाहा. आणि घरात वृद्ध आई असेल तर तिच्याजवळ बसा, किती मुले झाली ते विचारा, जगलेली आणि गेलेलीही, आणि लिहून ठेवा. तेवढी वही कोणत्याच कचेरीत मिळत नाही.