भिंत बुजवण्याआधी गेज बघा

‘कन्फाउंडिंग’ ही संज्ञा पेट परीक्षेपुरती पाठ होते, पण प्रयोग आखताना विसरली जाते. ती नीट कळायला राजापूरकडचं जांभ्याचं घर बघा.

जांभा सच्छिद्र असतो. चिऱ्यांच्या भिंतीत खाच पाडून नळाचे पाइप टाकले, वर गिलावा केला आणि जुलैत भिंतीला ओल आली, तर कारण कोणतं? पाइप गळतोय की पाऊस मुरतोय? डाग दोन्हींचा सारखाच. शिवाय पाणी दगडातून सरकतं, त्यामुळे ओल दिसते तिथेच गळती असेल असंही नाही. दोन कारणं एकाच परिणामात अशी मिसळली, की मग भिंत फोडूनच शोध घ्यावा लागतो.

म्हणून गिलाव्याआधी प्रेशर टेस्ट करतात. सांधे पूर्ण वाळल्यावर तोंडं बंद करून पाइपात पाणी भरतात, हातपंपाने दाब वाढवतात (साधारणपणे वापरातल्या दाबाच्या दीडपट) आणि गेजचा काटा उतरतो का ते बघतात.

इथे एक गोम आहे. आधी सगळी हवा काढावी लागते. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे थोडं जरी गळलं तरी काटा चटकन उतरतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी वागते. पाइपात दाबलेली १ लिटर हवा अडकली असेल आणि १० मिलिलिटर पाणी गळलं, तर बॉइलच्या नियमाने दाब जेमतेम १ टक्का घटतो. साध्या गेजवर तो दिसतही नाही. ‘गळती नाही’ आणि ‘गळती दिसली नाही’ यांतला फरक हाच.

गिलावा होईपर्यंत पाइपात दाब ठेवणं आणखी चांगलं. छिन्नी किंवा खिळा लागला तर तेव्हाच कळतं. विजेच्या वायरी नंतर पाइपातून ओढून बदलता येतात. तिथे पाइपात तार आरपार जाते का, एवढं आधी पाहिलं तरी बरंच काम होतं. म्हणजे जे नंतर उघडता येणार नाही, त्याची चाचणी सगळ्यात कडक हवी. टेप धरून काढलेले फोटोही ठेवा, पाइप कुठून गेलाय ते पुढे कळतं.

आता तुमच्या प्रयोगाचा आराखडा काढा. नमुना भट्टीत जातो, पेशींना औषध दिलं जातं, मुलाखतीतली नावं पुसली जातात: तुमची भिंत कुठे बुजते त्यावर खूण करा. त्याआधी कोणतं मोजमाप घेतलंय आणि तुमच्या उपकरणाला किती लहान बदल दिसतो, हे सिनॉप्सिसमध्येच लिहा.