खैरलांजी : मनाचा पंचनामा कोण करणार?

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुले सुधीर व रोशन यांची जातीयवाद्यांनी निर्घृण हत्या केली. उरले एकटे भैयालाल. पुढचा इतिहास वाचकांना पाठ आहे. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद केली. ॲट्रॉसिटी कायदा दोन्हीकडे लागला नाही!

जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल गेले. त्या दहा वर्षांत तीच कहाणी त्यांना किती जणांपुढे सांगावी लागली? पोलीस, वकील, पत्रकार, पुढारी. आणि आम्ही. आम्ही त्यांना व्यासपीठावर बसवले, हार घातले. रात्री झोप लागते काय, हे आमच्यापैकी कितीजणांनी विचारले?

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ग्रंथात आघातातून सावरण्याचा क्रम मांडला. आधी सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक करणे, मग पुन्हा माणसांत मिसळणे. आमच्या कोर्टकचेरीत हा क्रम उलटा आहे. पीडित अजून त्याच गावात, आरोपी जामिनावर समोरच्या घरात, आणि आम्ही म्हणतो, ‘बाई, सगळे सविस्तर सांगा.’ उलटतपासणीत आमच्या एका अशिलाचा प्रसंगांचा क्रम चुकला. विरुद्ध बाजूच्या वकिलाने त्याला ‘विसंगती’ म्हटले. आघाताची आठवण अशीच तुकड्यातुकड्यांनी येते, हे त्या दिवशी आम्हालाही न्यायाधीशांपुढे मांडता आले नाही.

मुलांचे तर कोणीच पाहत नाही. इंग्लंडचे जॉन बोल्बी यांनी सांगितले की लेकराची भीती जवळच्या माणसाच्या आधाराने शमते. (याला ‘आसक्ती’ म्हणू नये, आपल्याकडे तो शब्द तृष्णेशेजारी बसतो. जिव्हाळ्याचा आधार म्हणू.) पण हल्ल्यानंतर मायच थरथरत असेल तर लेकराने कोणाला बिलगावे? ते अंथरुणात मुतते, शाळा सोडते, आणि शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही अशा वेळी मांत्रिकाकडे पाय वळतात, हे लपवून काय उपयोग?

२०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ मध्ये संरक्षण, प्रवासखर्च, सामाजिक-आर्थिक पुनर्वसन, स्थलांतर हे हक्क आले. त्या यादीत मनाचा उल्लेख नाही. तो २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे : कलम १८ नुसार सरकारी मानसोपचार हा हक्क आहे, त्यात जातीवरून भेदभाव चालणार नाही. म्हणून ॲट्रॉसिटीच्या प्रत्येक प्रकरणात जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जात दोन्ही कायदे एकत्र लिहावेत. १४४१६ ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन आहे, तो क्रमांक कार्यकर्त्यांच्या वहीत असावा.

आणि सत्यशोधन समिती गावात जाईल तेव्हा एक कार्यकर्ती फक्त बायका-लेकरांजवळ बसायला न्यावी. तिने जबाब लिहू नये, फोटो काढू नये. पुढच्या महिन्यात तीच परत जावी, दुसरी नको.