धोतरा : पोथ्यांतील साक्ष, विषाचा परिणाम व शोधाचा इतिहास

जुन्या वैद्यकाचीं बाडें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस 'कनकबीज', 'उन्मत्तरस', 'धत्तूरपत्र' हे शब्द अपरिचित नाहींत. कोठें दम्यावरील धूर, कोठें पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील उपाय, कोठें वशीकरणाचा प्रयोग, अशा निमित्तानें धोतरा बाडांत येतोच. सनदा, महजर, बखरी व शकावल्या ह्यांच्यापुढें अशा बाडांची किंमत संग्राहकांस कमी वाटते, व तीं पुष्कळदां रुमालांत तशींच बांधून राहतात. परंतु ह्या एका झुडुपाच्या नांवावर वनस्पतिशास्त्रांतील एक मोठा वाद अडून राहिला होता, आणि त्यांत निर्णायक पुरावा जुन्या पोथ्यांतूनच पुढें आला. प्रस्तुत लेखांत धोतऱ्याचा परिणाम, त्यापासूनचा धोका व त्याविषयींच्या शोधाचा इतिहास एकत्र मांडून, त्या वादांत पोथ्यांची साक्ष कितपत टिकते तें पाहण्याचा आमचा विचार आहे.

(१) नांवें व जुने उल्लेख. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत धत्तूराचे पर्याय दिले आहेत, त्यांत उन्मत्त, धूर्त, कितव, मातुल, मदन व सोन्याच्या सर्व नांवांनीं ओळखला जाणारा कनकाह्वय हे प्रमुख होत. ह्यांतील 'उन्मत्त' हा शब्द परिणाम सांगतो. 'धूर्त' व 'कितव' (म्हणजे ठक, जुगारी) हे शब्द त्या परिणामाचा उपयोग कोण करीत असत तें सुचवितात. महाशिवरात्रीस शंकरास वाहिलें जाणारें धोतऱ्याचें फूल आपणां सर्वांस ठाऊक आहे. भावप्रकाशांत ह्याचें 'शिवप्रिय' असें नांव आहे, व त्याच्या शेजारींच 'महामोही' हेंही आहे.

कामसूत्राच्या शेवटल्या, औपनिषदिक अधिकरणांत, धोतऱ्याचें फळ मिसळलेलें अन्न खाणारास वेड लावतें व जुना गूळ दिल्यानें तो भानावर येतो, असें सांगितलें आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर शरपुंखेच्या मुळाबरोबर धत्तूर देण्यास सांगितलें आहे, आणि औषध जिरतांना रोग्यास कुत्र्यासारखे विकार होतील, तेव्हां त्यास थंड, निर्जल घरांत ठेवावें, असेंही म्हटलें आहे. म्हणजे औषधानें भ्रम होणार हें ग्रंथकारास पक्कें माहीत होतें. पुढील वैद्यकग्रंथांत धत्तूराची गणना उपविषांत होते, व शोधन केल्यावांचून तें वापरूं नये असा दंडक आहे.

(२) गोमंतकांतील साक्ष. युरोपीय वाचकांस धोतऱ्याची पहिली चांगली ओळख गोव्यांतून झाली. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं हिंदुस्थानांत आला व गोव्यास राहिला. त्याचा औषधींवरील संवादात्मक ग्रंथ १५६३ त गोव्यांतच छापला गेला. त्यांत दासीनें घरधनिणीस धोतरा खाऊं घालून दागिने लांबविल्याची हकीकत आहे. विष घेतलेलें माणूस हसत राहतें, बरळतें, आणि समोर चोरी होत असतां अडवीत नाहीं, असें तो लिहितो. १५६७ त क्लुसिअस ह्यानें ह्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला, त्यामुळें ही माहिती सर्व युरोपभर पसरली. खुद्द ऑर्ताच्या अस्थि मात्र त्याच्या मरणानंतर, १५८० सालीं, गोव्याच्या धर्मसमीक्षण न्यायालयानें उकरून जाळल्या. त्यानंतर गोव्यांत राहून गेलेला डच प्रवासी लिन्स्खोतेन ह्यानें १५९६ त छापलेल्या प्रवासवृत्तांतही हीच गोष्ट येते : गोव्यांतील बायका नवऱ्यास धोतरा देतात, तो चोवीस तासपर्यंत भ्रमिष्टासारखा हसत बसतो, व शुद्धीवर आल्यावर झालेलें त्यास कांहींएक आठवत नाहीं.

(३) परिणाम. ह्या सर्व लेखकांनीं जें बाहेरून पाहिलें त्याचें कारण आतां कळलें आहे. धोतऱ्याच्या सर्व अंगांत, विशेषतः बियांत, हायोसायमीन, ॲट्रोपीन व स्कोपोलामीन हीं द्रव्यें असतात. चेतातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य पाझरून स्नायु, ग्रंथि व मेंदू ह्यांस निरोप पोंचवितें. धोतऱ्याचीं द्रव्यें तो निरोप घेण्याची जागाच अडवून बसतात. ॲसिटिलकोलीनचें हें कार्य हेन्री डेल व ऑटो लोवी ह्यांनीं उलगडलें, व त्याबद्दल त्यांस १९३६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

त्यामुळें प्रथम तोंड व घसा कोरडा पडतो, गिळवत नाहीं, आवाज बसतो. अंग तापतें व लाल होतें, पण घाम येत नाहीं. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, उजेड सहन होत नाहीं, जवळचें दिसत नाहीं. नाडी जलद चालते, लघवी अडते. मग माणूस अस्वस्थ होतो, पुटपुटूं लागतो, नसलेल्या माणसांशीं बोलतो, हवेंतलें कांहीं पकडूं पाहतो, बोटांच्या टोकांतून नसलेले दोरे ओढीत बसतो. ही शेवटची खूण हिंदुस्थानांतील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत वारंवार नोंदलेली आहे. विष अधिक गेल्यास गुंगी, झटके, बेशुद्धि, व श्वास अथवा हृदय बंद पडून मृत्यु येतो.

येथें इतिहासाभ्यासकानें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. भास उत्पन्न करणारीं दुसरीं कित्येक द्रव्यें घेतलेल्या माणसास आपण पाहतों तो भास आहे, ही जाणीव बहुधा राहते, व मागाहून तो आपला अनुभव सांगूं शकतो. धोतऱ्याचें तसें नाहीं. भास व वस्तु ह्यांतला भेदच नाहींसा होतो आणि स्मृतीही पुसली जाते. म्हणून धोतरा खाणारा स्वतः साक्षीदार होऊं शकत नाहीं. ह्या विषाचा जवळजवळ सर्व इतिहास शेजारीं उभ्या असलेल्या माणसांनीं लिहिला आहे. ऑर्ता व लिन्स्खोतेन तसेच, आणि अमेरिकेंतील रॉबर्ट बेव्हर्ली हाही तसाच. व्हर्जिनियांतील जेम्सटाऊन येथें १६७६ च्या बंडाच्या वेळीं शिपायांनीं धोतऱ्याचा पाला भाजी म्हणून खाल्ला व अकरा दिवस ते वेड्यासारखे वागले, पण मागून त्यांस कांहीं आठवेना, असें त्यानें १७०५ त लिहून ठेविलें. पृथ्वीच्या दोन टोकांस, एकमेकांस न ओळखणाऱ्या लेखकांच्या हकीकती इतक्या जुळतात, ह्यावरून त्यांचें निरीक्षण खरें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

(४) वाटमारे व न्यायालयें. स्मृति पुसली जाते, हाच गुण लुटारूंच्या उपयोगीं पडला. वाटसरूशीं सलगी करावयाची, त्याच्या अन्नांत किंवा तंबाखूंत बियांची पूड मिसळावयाची, व तो भ्रमिष्ट झाल्यावर गांठोडें घेऊन निघून जावयाचें, हा प्रकार एकोणिसाव्या शतकांतील सरकारी कागदांत ठिकठिकाणीं आढळतो. नॉर्मन चेव्हर्स ह्यानें १८५६ त प्रसिद्ध केलेल्या न्यायवैद्यकावरील ग्रंथांत ह्या गुन्ह्याचा सविस्तर विचार आहे. पुढें जयसिंग मोदी ह्यांच्या ग्रंथानें, जो १९२० त प्रथम निघाला, हें ज्ञान हिंदुस्थानांतील डॉक्टर व वकील ह्यांच्या नित्य परिचयाचें केलें. गुन्हा करण्याच्या हेतूनें विष देणें ह्यास १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत ३२८ वें कलम होतें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तेंच १२३ वें कलम आहे.

धोतऱ्याचें बीं मिरचीच्या बियांत सहज लपतें, म्हणून दोहोंतील फरक हा न्यायवैद्यकाचा एक नेहमींचा पाठच झाला. मिरचीचें बीं फिकट पिवळें, गुळगुळीत व चवीस तिखट. धोतऱ्याचें तपकिरी, खांचाखांचांचें, मूत्रपिंडाच्या आकाराचें व कडवट. रसायनाची सोय नसे तेथें रोग्याच्या मूत्राचा थेंब मांजराच्या डोळ्यांत घालीत व बाहुली विस्फारते कीं काय तें पाहत. धोतरा व मिरची एकाच कुळांतील आहेत. ह्या नात्याचा उपयोग पुढें होणार आहे.

(५) औषध व रसायन. जें विष ठकांनीं वापरलें तेंच वैद्यांनींही वापरलें. धोतऱ्याचा धूर ओढल्यानें दमा हलका होतो, हें दक्षिणेंतील लोकांस माहीत होतें. मद्रासचे डॉक्टर अँडरसन ह्यांजकडून तो उपाय जनरल जेंट ह्यांस कळला व १८०२ सालीं त्यांच्याबरोबर इंग्लंडांत गेला. त्यांतून धोतऱ्याच्या विड्यांचा प्रचार विसाव्या शतकापर्यंत चालला. जपानांत हानाओका सेइशू ह्यानें धोतरा व बचनाग ह्यांचा काढा बनवून १३ ऑक्टोबर १८०४ रोजीं रोग्यास बेशुद्ध केलें व स्तनांतील गांठ कापून काढली. ह्या काढ्याच्या प्रयोगांत त्याच्या पत्नीची दृष्टि गेली असें सांगतात. १८३३ त गायगर व हेस ह्यांनीं हायोसायमीन शोधून काढलें, व त्याच सुमारास माइन ह्यानें बेलाडोनाच्या मुळांतून ॲट्रोपीन वेगळें केलें. १८६४ त क्लाइनवेख्टर ह्यानें ॲट्रोपीनच्या विषबाधेवर कॅलाबारच्या घेवड्याचा अर्क वापरला. त्यांतील फिसोस्टिग्मीन हा आजही ह्या विषावरील खरा उतारा होय. कामसूत्रांतील जुन्या गुळास तो गुण नाहीं.

(६) मूळ देशाचा वाद. लिनिअस ह्यानें १७५३ सालीं आपल्याकडील शब्द घेऊनच ह्या प्रजातीस 'दातुरा' हें नांव कायम केलें, व आपल्या पांढऱ्या-काळ्या धोतऱ्यास अरबी नांवावरून आलेलें 'मेटेल' हें विशेषण लाविलें. तेव्हां धोतरा मूळचा इकडलाच, असें समजणें साहजिक होतें. परंतु ह्या प्रजातीच्या बहुतेक सर्व रानटी जाति मेक्सिको व त्याच्या लगतच्या प्रदेशांत सांपडतात, आणि आपला धोतरा मात्र वस्तीच्या व लागवडीच्या आसपासच आढळतो. ह्यावरून सायमन व हेगी ह्यांनीं १९९१ त सर्वच प्रजाति अमेरिकेंतील असल्याचें प्रतिपादन केलें. मग मिरची, तंबाखू व काजू ह्यांप्रमाणें धोतराही पोर्तुगीजांनीं आणला काय, हा प्रश्न उरला.

त्यावर गीता व घरैबेह ह्यांनीं २००७ त बंगलोरच्या एका शास्त्रीय नियतकालिकांत संस्कृत व अरबी वाङ्मयाचा पुरावा मांडून, धोतरा जुन्या जगांत कोलंबसाच्या पूर्वींपासून होता व पहिल्या सहस्रकांतच तो इकडे आला असावा, असें दाखविलें. आम्हांस हें मत ग्राह्य वाटतें. परंतु त्यावरील मुख्य आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. तो असा कीं, जुनें नांव नव्या वस्तूस चिकटतें. 'आलू' हा शब्द पूर्वीं दुसऱ्या कंदांचा होता, तो बटाट्यास लागला. 'मिरची' हें नांव मिरीवरून आलें. तसेंच 'धत्तूर' हें नांव कोणा दुसऱ्या झाडाचें नसेल कशावरून ?

ह्याचें उत्तर नांवानें नव्हे, वर्णनानेंच दिलें पाहिजे. १०३७ त निवर्तलेल्या इब्न सीना ह्याच्या वैद्यकग्रंथांत 'जौझ मासिल' ह्या गुंगी आणणाऱ्या विषाचें वर्णन आहे, त्यांत फळावरील आंखूड जाड कांटे व आंतील बीं ह्यांचा उल्लेख आहे. कामसूत्रांत उन्माद फळापासून होतो असें स्पष्ट आहे. नांव, कांटेरी फळ व भ्रम हीं तिन्ही एकत्र जुळल्यावर दुसरें झाड कल्पिण्याचें कारण उरत नाहीं. शिवाय, मिरची त्याच कुळांतली असून तिचें नांव जुन्या निघंटूंत नाहीं; धत्तूराचें आहे. दोन्ही एकाच गलबतांतून आलीं असतीं तर असें झालें नसतें.

मात्र पुरावा घेतांना काळाचा विवेक हवा. वर आम्हीं भावप्रकाशांतील 'महामोही' हें नांव दिलें. पण त्याच ग्रंथांत फिरंगरोगाचें वर्णन आहे, अर्थात् तो पोर्तुगीज आल्यानंतरचा. ह्या वादांत त्याची साक्ष चालणार नाहीं. ग्रंथ जुना असला तरी छापील पाठ जुना असेलच असें नाहीं, हेंही खरें. सुश्रुतसंहितेची नेपाळांतील एक ताडपत्री प्रत इ. स. ८७८ ची आहे. अशा मितीच्या प्रतींतील अक्षर हाच उत्तम पुरावा होय. धोतरा समुद्र ओलांडून कसा आला तें पोथी सांगणार नाहीं. कोणत्या वर्षापूर्वीं आला होता एवढेंच ती सांगूं शकते, आणि तेवढ्यानें वादाचें काम भागतें.

(७) विनंति. ज्यांच्या संग्रहीं वैद्यकाचीं बाडें असतील त्यांस आमची विनंति अशी कीं, धत्तूर, कनक, उन्मत्त हे शब्द आढळतील तेथें तें वाक्य मागच्यापुढच्या शब्दांसह जसेंच्या तसें उतरून घ्यावें. प्रतीची मिती व लेखकाचें नांव टिपावें. फुलाचा रंग, फळावरील कांटे किंवा विकाराचें लक्षण दिलें असल्यास तें अवश्य नोंदावें, कारण 'कनक' एकट्यानें सोनेंही असूं शकतें. सुटीं पानें टाकूं नयेत.

दुसरी विनंति अधिक निकडीची आहे. बाडांतील गुंज-माशाचें प्रमाण पाहून कोणीं प्रयोग करूं नये. झाडागणिक, ऋतूगणिक व अंगागणिक विषाचा अंश बदलतो, म्हणून कोणतेंही प्रमाण निर्धास्त नाहीं. औषधें व सौंदर्यप्रसाधनें ह्यांविषयींच्या १९४० च्या कायद्याखालील ई-१ अनुसूचींत धत्तूर विषारी द्रव्य म्हणून नोंदलेला आहे, तो उगीच नव्हे. चुकून कोणाच्या पोटांत गेल्यास गूळ, ताक ह्यांत वेळ न दवडतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें, व शक्य तर फळ किंवा बीं बरोबर न्यावें. पोथींतील प्रयोग छापतांना हाच इशारा खालीं अवश्य छापावा. जुन्या ग्रंथकारांनींही धत्तूरास उपविष म्हटलें आहे. त्यांचा पाठ जपावयाचा तर त्यांचा इशाराही जपला पाहिजे.