सापाच्या पिल्लाचे अदृश्य सोबती

तापीचे पाणी बऱ्हाणपूरच्या राजघाटाच्या पायऱ्या चढू लागले की काठावरच्या बिळांतील जीव कोरड्या जागेच्या शोधात निघतात. सापांच्या नव्या पिढीच्या आगमनाचा काळही साधारणपणे हाच. नागीण अंडी घालते. घोणस मात्र एका वेळी वीस-तीस, कधी त्याहूनही पुष्कळ जिवंत पिल्ले प्रसवते. वीतभर लांबीची ही पिल्ले विष आणि विषदंत घेऊनच जन्मास येतात. केळीच्या बागेत राबणाऱ्याने "पिल्लूच तर होते" म्हणून दंशाकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते.

विषाखेरीज या पिल्लांबरोबर आणखीही एक परिवार असतो. मानवी अर्भकाला जन्मताना आईकडून सूक्ष्म जीवाणूंचा पहिला आहेर मिळतो. सर्पकुळातही काहीसे तसेच घडते. सापांच्या शरीरात मलमार्ग आणि जननमार्ग अखेरीस एकाच पोकळीत उघडतात. शास्त्रात तिला अवस्कर म्हणतात. अंडे असो वा पिल्लू, बाहेर येण्याची वाट तीच. त्यामुळे तेथील जीवाणू त्याला चिकटतात. पुढे ओली माती आणि पालापाचोळा यांतून त्यांत भर पडते. पिल्लू लवकरच पहिली कात टाकते आणि कातडीवरची वस्ती पुन्हा नव्याने बसते.

तोंडातील वस्तीचे मूळ बरेचसे आहारात आहे. गिळला जाणारा उंदीर वा बेडूक मरता मरता विष्ठा टाकतो आणि त्याच्या आतड्यांतील जीवाणू सापाच्या तोंडात उरतात. सर्पदंशाच्या चिघळलेल्या जखमांत वारंवार आढळणारा मॉर्गनेला हा अशाच आतड्यांत वसणाऱ्यांपैकी. मग अद्याप काहीच न खाल्लेल्या पिल्लाचे तोंड स्वच्छ असेल काय? भक्ष्यातून येणारे जंतू तेथे कमी असावेत हे ओघानेच आले. पण जन्ममार्गातले आणि मातीतले असतातच.

विष स्वतःच जंतुनाशक असल्याने विषग्रंथीत काही जगत नसावे, हा जुना समज. इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाच्या संशोधकांसह काहींनी २०२२ साली त्याला धक्का दिला. सापांच्या विषात त्यांना जीवाणू सापडले, आणि त्यांतील काहींनी विषात टिकून राहण्याजोगे बदल आपल्या जनुकांत केलेले दिसले. विषाच्या कुपीत संसार थाटणाऱ्यांचे कौतुक करावे की धास्ती घ्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे!

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या मृत्यूंचे कारण मुख्यतः विष. जीवाणूंचा उपद्रव त्यामागून येतो, आणि तो पुष्कळदा आपणच ओढवून घेतो. दंशाच्या जागी पात्याने चीर देणे, तोंडाने रक्त ओढणे, शेण वा पाला बांधणे म्हणजे जंतूंना दार उघडून देणे होय. अवयव न हलवता रुग्णाला त्वरेने रुग्णालयात न्यावे, हेच खरे. तेथे कोरड्या काचनळीत थोडे रक्त वीस मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही तर घोणसवर्गाच्या विषाचा संशय बळावतो. साप लहान होता म्हणून प्रतिविषाची मात्रा कमी करीत नाहीत. प्रतिविषाचा जंतूंवर मात्र काही परिणाम होत नाही. धनुर्वाताची लस वेगळी द्यावी लागते. घोणसीच्या विषानेही सूज व लाली येतेच, म्हणून प्रतिजैविक औषधे सरसकट न देता, पू वा मांस सडल्याची चिन्हे दिसल्यावरच डॉक्टर ती सुरू करतात.