तिकीट २२४ डॉलर, भिंत ९५ टक्क्यांची

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे १७ जुलै १९५५ ला डिस्नीलँड उघडलं, तेव्हा मोठ्या माणसाला आत शिरायला १ डॉलर पडत होता. राइड्सचे पैसे वेगळे. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकिटांचं पुस्तक निघालं: प्रवेश आणि आठ राइड्स मिळून अडीच डॉलर. सत्तर वर्षांची महागाई जमेस धरली तर आजचे साधारण ३० डॉलर. पण आज त्याच फाटकावर एका दिवसाचं सर्वांत स्वस्त तिकीट १०४ डॉलरला आहे आणि ऑक्टोबर २०२५ च्या दरवाढीनंतर सर्वांत महाग तिकीट २२४ डॉलरला.

हाच हिशेब मजुरीत मांडून पाहा. १९५५ मध्ये अमेरिकेचं किमान वेतन तासाला ७५ सेंट होतं, म्हणजे ते अडीच डॉलरचं पुस्तक ३ तास २० मिनिटांच्या कामात येत होतं. आज देशपातळीवरचं किमान वेतन ७.२५ डॉलर आहे. २००९ पासून ते एका सेंटनेही वाढलेलं नाही. त्या दराने २२४ डॉलर कमवायला जवळपास ३१ तास राबावं लागतं. कॅलिफोर्नियाचं स्वतःचं किमान वेतन २०२५ मध्ये साडेसोळा डॉलर होतं. ते धरलं तरी साडेतेरा तास होतात.

आई-वडील आणि दहा वर्षांवरची दोन मुलं नाताळच्या गर्दीत एका दिवसासाठी गेली, तर नुसत्या प्रवेशाचे ८९६ डॉलर होतात. डॉलरला ८८ रुपये धरले तर ७८ हजार रुपयांहून जास्त. त्यात विमान नाही, हॉटेल नाही, पार्किंग नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. रांग चुकवायची फास्टपासची सोय १९९९ पासून बरीच वर्षं तिकिटातच मिळायची. २०२१ मध्ये ती जाऊन पैसे मोजून घ्यायची सोय आली. २०२४ च्या अखेरीस डिस्नीलँडमध्ये सगळ्या मोठ्या राइड्सना एकेकदा पुढे सोडणारा पास निघाला, तो माणशी ४०० डॉलरला. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये अशाच पासाचा दर ऐन हंगामात ४४९ डॉलरपर्यंत गेला. प्रवेशाहून रांग चुकवणं महाग झालं.

हा पैसा पोटाला चिमटा काढून उभा राहतो. लेंडिंगट्री या कर्जविषयक कंपनीने २०२४ मध्ये पाहणी केली, तेव्हा डिस्नेच्या सहलीला गेलेल्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश लोकांनी त्यापायी कर्ज झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या बाजूला, डिस्नेच्या उद्यानं, जहाजं आणि संबंधित वस्तूंच्या विभागाने २०२४ च्या आर्थिक वर्षात ३४ अब्ज डॉलरची उलाढाल केली आणि ९ अब्जांवर नफा मिळवला. लोक कर्ज काढून जातात, कारण मुलांचं ते वय पुन्हा येत नाही हे प्रत्येक आईबापाला ठाऊक असतं. या भावनेला मी नावं ठेवणार नाही.

या सगळ्या दरपत्रकात एकच पाहुणा फुकट आहे: तीन वर्षांखालचं मूल. माझं म्हणणं त्याच्याविषयी आणि त्याच्या लसीविषयी आहे. अमेरिकेत गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा, म्हणजे एमएमआरचा, पहिला डोस १२ ते १५ महिन्यांच्या वयात देतात आणि दुसरा ४ ते ६ वर्षांच्या वयात. म्हणजे फाटकातून बिनतिकीट आत जाणारं मूल सहसा एक तर लस न झालेलं असतं, नाहीतर एकाच डोसवर असतं. एका डोसाने गोवरापासून ९३ टक्के संरक्षण मिळतं, दोन डोसांनी ९७ टक्के. दहा महिन्यांच्या बाळाला मात्र आजूबाजूच्या माणसांचाच आधार असतो.

त्या बाळाच्या जागी उभं राहून राइडची रांग पाहा. बंदिस्त, गार, अर्धवट अंधारी जागा. नागमोडी वळणारे दोर, आणि प्रत्येक वळणावर नवं कुटुंब खांद्याला खांदा लावून उभं. बाळ बाबांच्या कडेवर. पंधरा मिनिटांपूर्वी तिथून एक मुलगा पुढे सरकला. त्याला किंचित ताप, खोकला, डोळे जरा लाल. आईला वाटलं, विमानातली थंडी बाधली. अंगावर पुरळ नाही, कारण गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच विषाणू पसरवतो. तो खोकून निघून गेला तरी विषाणू त्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. प्रतिकारशक्ती नसलेली दहा माणसं अशा रुग्णाच्या जवळ आली, तर त्यांतल्या नऊ जणांना गोवर होतो.

१७ ते २० डिसेंबर २०१४ या चार दिवसांत डिस्नीलँडमध्ये असंच काहीसं खरोखर घडलं. ॲनाहाइममधल्या डिस्नेच्या दोन्ही उद्यानांना त्या वर्षी मिळून सुमारे अडीच कोटी भेटी झाल्या होत्या. सरासरी काढली तर चार दिवसांत २ लाख ८० हजार. पहिला रुग्ण कोण, हे कधीच कळलं नाही. विषाणूचा प्रकार तेवढा कळला: त्याच वर्षी फिलिपिन्समध्ये मोठी साथ आणणारा बी-३. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अमेरिकेत १२५ रुग्णांची खात्री झाली, त्यांतले ११० कॅलिफोर्नियाचे. या ११० पैकी फक्त ३९ जण त्या चार दिवसांत उद्यानात गेल्याचं नक्की होतं. डिस्नीलँडहून परतलेल्यांपासून कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १५९ जणांना गोवर झाला. कॅलिफोर्नियातल्या ११० पैकी ४९ जणांनी लस घेतलेली नव्हती. त्यांतली १२ बाळं होती, लस घेण्याचं वयच न झालेली. उरलेल्या ३७ पैकी २८ जणांनी लस स्वतःच्या मतामुळे घेतलेली नव्हती. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

पावणेतीन लाखांच्या गर्दीतून १२५ म्हणजे फार नाहीत, असं कुणी म्हणेल. ते फार नव्हते याचं कारण समजायला गुणाकार करावा लागतो. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल अशा समाजात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजारी पाडतो. मधला आकडा १५ घेऊ. एकाचे १५, पंधरांचे २२५, मग ३,३७५ आणि चौथ्या फेरीला ५०,६२५. एक फेरी साधारण १२ दिवसांची. म्हणजे ४८ दिवसांत, एका रुग्णापासून, दोन उद्यानांपैकी एकट्या डिस्नीलँडच्या एका दिवसाच्या सरासरी गर्दीहून जास्त माणसं.

आता त्याच समाजात ९५ टक्के लोक सुरक्षित आहेत असं धरा. पंधरांपैकी चौदाहून जास्त जणांपाशी विषाणू थांबतो आणि रुग्णामागे सरासरी पाऊणच नवा रुग्ण होतो. अशा शंभर रुग्णांपासून सुरुवात केली तर दहा फेऱ्यांनंतर, म्हणजे चार महिन्यांनी, एका फेरीत जेमतेम ६ रुग्ण उरतात. साथ विझते. सुरक्षित लोक ९२.५ टक्के झाले, तर शंभराचे ३२५ होतात. ९० टक्के झाले, तर ५,७६७. पाच टक्क्यांच्या फरकाने सहाचे जवळपास पावणेसहा हजार! हा शाळेतला गुणाकार आहे. प्रत्यक्षात रुग्ण वेगळे ठेवले जातात, लोक सावध होतात. पण गोवराच्या बाबतीत ९५ चा आकडा डॉक्टर इतका का लावून धरतात, ते यातून दिसतं. आणि लस न घेतलेली कुटुंबं देशभर सारखी विखुरलेली नसतात. ती एकेका गावात, एकेका शाळेत एकत्र असतात. तिथे देशाची सरासरी कामाला येत नाही.

अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांमध्ये दोन डोस पूर्ण झालेल्यांचं प्रमाण २०१९-२० मध्ये ९५.२ टक्के होतं. २०२४-२५ मध्ये ते ९२.५ वर आलं. ज्या देशाने २००० मध्ये गोवराचं उच्चाटन जाहीर केलं, तिथे २०२५ मध्ये २ हजारांवर रुग्ण सापडले, १९९२ नंतरचे सर्वाधिक. एकट्या टेक्सासच्या साथीत ७६२ रुग्ण झाले आणि लस न घेतलेली दोन मुलं दगावली. शेजारच्या कॅनडाने त्याच वर्षी नोव्हेंबरात गोवरमुक्त देशाचा दर्जा गमावला.

लस नाकारणारे आईबाप मुलांचं वाईट चिंतणारे नसतात. त्यांना भीती वाटते, आणि भीतीला आकड्यांनी नीट उत्तर द्यायला हवं. एमएमआरमुळे स्वमग्नता येते ही शंका १९९८ च्या एका निबंधातून पसरली. अँड्र्यू वेकफील्ड यांचा तो निबंध १२ मुलांवर होता. 'द लॅन्सेट'ने २०१० मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांची ब्रिटनमधली वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या. लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध आढळला नाही. एका बाजूला १२, दुसऱ्या बाजूला साडेसहा लाख.

लसीला दुष्परिणाम नाहीतच, असंही नाही. तीन ते चार हजार डोसांमागे एखाद्या मुलाला तापात झटका येतो. तो पाहताना आईबापांचा जीव उडतो, पण मूल सहसा पूर्ण बरं होतं. गोवरात मात्र हजारात एकाच्या मेंदूला सूज येते, हजारात एक ते तीन मुलं दगावतात आणि लस न घेतलेल्या पाच रुग्णांपैकी एकाला रुग्णालयात ठेवावं लागतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या शरीरातली इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं पुसली गेली होती.

आता पुन्हा पैशांकडे वळू. २००८ मध्ये सॅन दिएगोत स्वित्झर्लंडहून परतलेल्या, लस न घेतलेल्या एका सात वर्षांच्या मुलापासून साथ सुरू झाली. ८३९ माणसं संपर्कात आली. लसीचं वय न झालेल्या ४८ मुलांना घरात अडकून राहावं लागलं आणि त्यांच्या कुटुंबांना मुलामागे सरासरी ७७५ डॉलरचा भुर्दंड बसला. त्या कुटुंबांची काहीच चूक नव्हती. २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या क्लार्क काउंटीच्या साथीचा हिशेब झाला: ७२ रुग्ण, ३४ लाख डॉलर, रुग्णामागे ४७ हजारांहून जास्त. तेवढ्या पैशात २२४ डॉलरची दोनशेहून अधिक तिकिटं येतील. लस मात्र अमेरिकेत १९९४ पासून सरकारी योजनेतून जवळपास निम्म्या मुलांना मोफत मिळते. ती योजनाच १९८९ ते १९९१ च्या, ५५ हजार रुग्णांच्या गोवर साथीतून शिकून सुरू झाली.

डिस्नीलँडच्या साथीतूनही कॅलिफोर्निया शिकलं. ३० जून २०१५ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शाळाप्रवेशातली मतांच्या आधारावरची सूट रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. कायदा लागू झाल्यावर सगळ्या आवश्यक लसी झालेल्या बालवाडीतल्या मुलांचं प्रमाण एका वर्षात ९२.८ वरून ९५.६ टक्क्यांवर गेलं. फ्लोरिडा उलट्या दिशेला निघालं आहे. तिथे बालवाडीचं प्रमाण आधीच ९० च्या खाली आहे आणि राज्याचे सर्जन जनरल जोसेफ लाडापो यांनी ३ सप्टेंबर २०२५ रोजी शाळांमधली लसींची सगळी सक्ती उठवण्याचा मनोदय जाहीर केला. गोवराच्या बाबतीत त्यासाठी विधिमंडळाला कायदा बदलावा लागेल. याच राज्यात, वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, मॅजिक किंगडम हे उद्यान आहे. तिथे वर्षाला पावणेदोन कोटींहून जास्त भेटी होतात आणि जगभरची तीन वर्षांखालची मुलं आईबापांच्या कडेवर येतात.

त्यांत मराठी घरंही आहेत. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाच्या बे एरियातली कुटुंबं पुण्या-मुंबईहून आलेल्या आजी-आजोबांना घेऊन फ्लोरिडात ऑर्लँडोला जातात, दिवाळीत बाळाला घेऊन इकडे येतात. गोवर आपल्याला नवा नाही. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईच्या गोवंडीत त्याने मुलांचे जीव घेतले. भारतात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. पण पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस अमेरिकेच्या वेळापत्रकात मोजला जात नाही, त्यामुळे तिथे राहायला जाणाऱ्या बाळाला पुढचे दोन डोस घ्यावेच लागतात. ६ ते ११ महिन्यांचं बाळ अमेरिकेबाहेर न्यायचं असेल तर तिथले डॉक्टर एक जादा डोस लवकर देतात, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी.

म्हणून सहलीच्या तारखा ठरवताना आधी लसीकरणाचं कार्ड काढावं, लहानांचं आणि मोठ्यांचंही. ज्याला आपले डोस पूर्ण झाल्याची खात्री नाही, त्याने डॉक्टरांना विचारून ते पूर्ण करावेत. तिकिटाचा दर कंपनी ठरवते, त्यावर आपलं काही चालत नाही. ९५ टक्के मात्र घराघरातल्या निर्णयांनी भरतात आणि राज्यकर्त्यांच्या एका निर्णयाने घसरू शकतात. ज्या राज्यात दहा महिन्यांच्या बाळांना बिनतिकीट आत बोलावलं जातं, त्या राज्याने त्यांच्याभोवतीची भिंत स्वतःच्या हाताने खाली आणू नये.